गडावरचे घर

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे मंडळाच्या चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. किराण्याची यादी आणि भिशीची वही यापलीकडे लेखणी हाती धरण्याचा प्रसंग येत नाही. पण मंडळाची सहल शिवनेरीवर गेली होती, त्या दिवशी एका लहान मुलीने आणि एका म्हाताऱ्या बाईने असे दोन प्रश्न विचारले की, ते माझ्या डोक्यातून जाईनात. त्यांची उत्तरे शोधता शोधता जे वाचले, ऐकले आणि डोळ्यांनी पाहिले, तेच येथे लिहिते. भगिनींनी गोड मानून घ्यावे.

मुलगी म्हणजे माझी पुतणी. सात दरवाजे चढून, धापा टाकीत ती जन्मस्थानापाशी आली आणि म्हणाली, "काकू, राजवाडा कुठंय?" मी समोरची दगडी इमारत दाखवली. ती हिरमुसली. "एवढाच?" म्हणाली. तिने फोनवर परदेशातले डोंगरावरचे राजवाडे पाहिलेले, उंच उंच मनोरे, धुक्यात तरंगणारे. तिच्या मनातले चित्र ते होते.

म्हातारी बाई म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्या आत्याबाई. लग्न होऊन जुन्नरला आल्या तेव्हापासून अंगणातून रोज त्यांना शिवनेरी दिसतो. सडा घालताना दिसतो, वाळवण घालताना दिसतो. पण घरातल्या कामांतून वर जाण्याचा योग काही आला नाही. त्या दिवशी प्रथमच, बायकांचा हात धरून, बसत उठत त्या वर आल्या. जन्माच्या खोलीत हात जोडून झाल्यावर इकडेतिकडे पाहून मला हळूच म्हणाल्या, "बाळंतिणीला पाणी कुठून आणत असतील गं? आणि तापवत कुठं असतील?"

एकीला राजवाडा लहान वाटला, दुसरीला त्यात घर दिसले. माझे मत विचाराल तर आत्याबाईंचा प्रश्न अधिक खोल आहे. डोंगरावरचा वाडा समजून घ्यायचा तर त्याचे मनोरे मोजू नयेत. पाणी कुठे, धान्य कुठे, दार किती भक्कम आणि बाळंतिणीची खोली कुठे, हे आधी पाहावे.

पुतणीने दाखवलेला तो परदेशी राजवाडा जर्मनीतील बव्हेरिया प्रांतातला, नॉयश्वानस्टाइन नावाचा. लुडविग दुसरा या राजाने १८६९ साली तो बांधायला घेतला. त्या काळापर्यंत किल्ल्यांचे लढाईतले महत्त्व संपत आले होते. राजाला जुन्या कथांतले वातावरण हवे होते, म्हणून नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या कलावंताकडून त्याची चित्रे काढून घेतली. १८८६ साली राजा वारला तेव्हा वाडा अपुराच होता. त्यात त्याचा मुक्कामही फार थोडे दिवस झाला. वाडा देखणा आहे यात शंका नाही. आणि गंमत अशी की, तिथेही वरच्या डोंगरातल्या झऱ्याचे पाणी नळाने मजल्यामजल्यावर खेळवलेले आहे. म्हणजे राजा कितीही स्वप्नाळू असो, डोंगरावर राहायचे म्हटले की पहिला प्रश्न पाण्याचाच. आपल्या शिवनेरीने हा प्रश्न राजे येण्याच्याही पुष्कळ आधी सोडवला होता.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात कोकणातून नाणेघाट चढून येणारा माल जुन्नरला उतरत असे. गाव श्रीमंत होते. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी आणि शिवनेरी या भोवतालच्या डोंगरांत बौद्ध भिक्षूंसाठी लेणी कोरली गेली. सगळी मिळून ती दोनशेच्या वर भरतात. शिवनेरीच्या कड्यातल्या लेण्यांत शिलालेख आहेत. त्यांतल्या एकात इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या दिल्याचे लिहिले आहे. पोढी म्हणजे पाण्याचे टाके. दुसऱ्या एकात चिट नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिल्याची नोंद आहे. यवन म्हणजे त्या काळी पश्चिमेकडून आलेले परदेशी लोक. दूरदेशीच्या माणसाने आपल्या डोंगरावर दान काय द्यावे, तर पिण्याचे पाणी आणि जेवायला बसायची जागा! हे वाचले तेव्हा मला त्या दोन अनोळखी माणसांविषयी फार आपुलकी वाटली.

गड सुमारे साडेतीन हजार फूट उंचीवर आहे. चहूबाजूंनी तुटलेले कडे असल्यामुळे पहारा ठेवायला सोपा. यादवांनंतर बहामनी सुलतानांचा अंमल येथे आला. बहामनी राज्य मोडकळीला आले तेव्हा मलिक अहमद हा जुन्नरचा सुभेदार होता. १४९० साली त्याने निजामशाहीची स्थापना केली. पुढे त्याने अहमदनगर वसवले आणि राजधानी तिकडे गेली. अहमदनगरचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण त्या राज्याचा पाळणा आपल्या जुन्नरात हालला, हे आपल्यापैकी कितीजणींना ठाऊक असेल? गडावरच्या बहुतेक जुन्या इमारतींना त्या काळच्या कमानींचे वळण आहे ते यामुळेच.

आता आपण गृहिणीच्या नजरेने गड चढू या.

आधी दारे. आपल्या वाड्याला एक दिंडीदरवाजा असला तरी आपल्याला केवढा धीर वाटतो! येथे वाटेवर एकामागून एक सात दरवाजे आहेत. महादरवाजा, पीर दरवाजा, हत्ती दरवाजा अशी त्यांची नावे. सरळ चालत जाऊन कोणी एकदम आत घुसेल अशी रचनाच नाही. वाट वळणे घेत जाते आणि दर वळणावर येणारा माणूस वरच्या पहारेकऱ्याच्या नजरेत राहतो. पाचवा शिपाई दरवाजा ओलांडला की उजवीकडे शिवाई देवीचे देऊळ लागते. त्याच्या मागे कड्यात गुहा आहेत. गडाचे नाव देवीवरून आणि शिवरायांचे नावही देवीवरूनच, असे परंपरा सांगते. घराचे दार आणि देवघर एका वाटेवर असावे, तसे मला ते वाटले. पश्चिमेच्या बाजूने साखळीची म्हणून एक अवघड वाट आहे, तिकडे आपण बायकामुलांनी जाऊ नये.

शेवटच्या दरवाजातून आत शिरले की समोर काय दिसते? दिवाणखाना नव्हे, सिंहासनाची जागा नव्हे. समोर आहे अंबरखाना, म्हणजे धान्याचे कोठार. आज त्याची पडझड झाली आहे, पण भिंतींची जाडी पाहिली तरी त्यात किती धान्य मावत असेल याची कल्पना येते. आपण नव्या घरात शिरताना जसे आधी मापटेभर धान्य ओलांडतो, तसे हे. गडाची पहिली खोली म्हणजे त्याची कणगी.

तेथून शिवकुंजाकडे जाताना पाण्याची टाकी लागतात. त्यांत गंगा आणि जमुना ही दोन फार नावाजलेली. काळ्या कातळात ती खोल खोदलेली आहेत. आपल्या या डोंगरांतला दगड घट्ट असल्याने पाणी फारसे झिरपून जात नाही. कातळाची सावली असल्यामुळे ऊन कमी लागते आणि पाणी गार राहते. टाके खोदताना निघालेला दगड बांधकामाला कामी येतो, म्हणजे एका कष्टात दोन कामे. पुढे कमानी मशीद आहे, तिच्या दोन मिनारांमध्ये तोलून धरलेली कमान फार नाजूक दिसते. तिच्यापुढेही पाण्याचे टाके आहेच. त्यानंतर हमामखाना, म्हणजे स्नानगृह. आणि त्याच्या पुढे ते दुमजली घर, ज्याच्यासमोर बदामाच्या आकाराचा बदामी तलाव आहे.

आत्याबाईंच्या प्रश्नाचे उत्तर मला येथेच मिळाले. त्यांना म्हटले, "आत्याबाई, दारापुढे तळे आहे, मागे न्हाणीघर आहे, वाटेवर टाकी आहेत. बाळंतिणीला पाण्याची ददात नव्हती." त्या म्हणाल्या, "मग ठीक. मग नवऱ्यानं जागा बघून बायको ठेवली म्हणायची."

त्यांचे हे वाक्य इतिहासाला धरूनच आहे. १५९५ च्या सुमारास हा किल्ला आणि भोवतालचा मुलूख निजामशाहीतून मालोजी भोसल्यांकडे आला. त्यांचे थोरले चिरंजीव शहाजीराजे, आणि त्यांच्या पत्नी जिजाबाई म्हणजे सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांची कन्या. शहाजीराजांनी जिजाबाईंना गडावर ठेवले तो काळ कसा होता ते आठवावे. १६२९ च्या जुलैमध्ये दौलताबादेस निजामशहाच्या दरबारात लखुजी जाधवराव, त्यांचे दोन मुलगे आणि एक नातू यांना दगा करून ठार मारण्यात आले. जिजाबाई त्या वेळी गरोदर होत्या. पहिले दिवस, अंगात अशक्तपणा, आणि अशा वेळी कानावर बातमी येते ती माहेरचे चार कर्ते पुरुष एका दिवसात गेल्याची. पहिले नसले तरी बाळंतपण माहेरी व्हावे असे कोणत्या बाईला वाटत नाही? येथे माहेरच कोसळले होते. नवरा मोहिमांत गुंतलेला. मोगलांची स्वारी दक्षिणेत उतरलेली. ज्या दरबाराची चाकरी, त्याच दरबाराने वडिलांचा जीव घेतलेला. जावे तरी कोठे?

तेव्हा उपयोगी पडले हे गडावरचे घर. किल्ल्याची जबाबदारी विश्वासराव घराण्याकडे होती, आणि त्या घराण्याशी भोसल्यांची सोयरीकही झाली. थोरले चिरंजीव संभाजीराजे यांचे लग्न त्या घरातल्या मुलीशी झाले. म्हणजे भक्कम कडे होते, सात दारे होती, आणि दाराच्या आत विश्वासाची माणसे होती. फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० या दिवशी येथे शिवराय जन्मले. पूर्वी वैशाखातली तिथी धरत असत. पुढे इतिहासकारांनी कागदपत्रे तपासली आणि २००१ साली महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी ही तारीख मान्य केली.

आपण पाळण्याचे चित्र नेहमी आनंदाचे पाहतो. पण मूल जन्मले त्याच वर्षी पावसाने दगा दिला. १६३० ते १६३२ या काळात दख्खनेत आणि गुजरातेत जो दुष्काळ पडला, तसा पूर्वी कोणाच्या स्मरणात नव्हता. गावेच्या गावे ओस पडली, माणसे अन्नावाचून मेली. त्या दिवसांत गडावर एक बाई अंगावरचे मूल वाढवीत होती. अंबरखाना आणि गंगा-जमुना यांचा खरा अर्थ मला हे वाचल्यावर कळला. राजवाड्यातली नक्षी गेली तर वाडा उणा दिसेल एवढेच. कोठार आणि टाके नसते, तर त्या वर्षी गडावर कोणी जगले असते की नाही याची शंका आहे.

पुढे १६३६ च्या तहात शहाजीराजांना हा मुलूख सोडावा लागला. जुन्नर, जीवधन, चावंड हे किल्ले मोगलांकडे गेले. १६५० च्या सुमारास इथल्या महादेव कोळ्यांनी मोगलांविरुद्ध बंड केले. ते चिरडण्यात आले आणि कोळ्यांची कत्तल झाली. गडाच्या टेकाडावरचा कोळी चौथरा त्याची आठवण म्हणून दाखवतात. आपल्या आणि आंबेगावच्या डोंगरी भागात कोळी समाजाची घरे आजही आहेत. माझे माहेर घोडेगावच्या बाजूचे, त्यामुळे त्या समाजातल्या बाया मी लहानपणापासून जवळून पाहिल्या आहेत. तो चौथरा पाहताना पुढाऱ्यांबरोबर त्यांच्या लेकीसुनाही डोळ्यांपुढे येतात.

शिवरायांनी १६५७ साली जुन्नर शहरावर छापा घालून मोगलांची मोठी लूट आणली. पुढे गड घेण्याचाही प्रयत्न झाला, पण जन्मस्थान त्यांच्या हयातीत स्वराज्यात आले नाही. ज्याने इतके किल्ले घेतले, इतके नवे बांधले, त्याला आपला पाळणा जेथे हालला ती खोली परत मिळाली नाही. बायकांना हे दुःख वेगळे सांगावे लागत नाही. माहेरचे घर विकले गेल्यावर त्या गल्लीतून जाताना जे होते, तेच हे.

त्याच काळात, म्हणजे १६७० ते १६८० च्या दरम्यान, फ्रायर नावाचा एक इंग्रज डॉक्टर मोगल अधिकाऱ्याच्या बोलावण्यावरून मुंबईहून जुन्नरला आला होता. अधिकाऱ्याच्या जनानखान्यात त्याला नाडी पाहायला नेले, तेव्हा पडद्याआडून एका धडधाकट दासीचा हात पुढे करण्यात आला, डॉक्टर खरा की खोटा हे पाहण्यासाठी! त्याने यात आजार नाही असे सांगितल्यावर मग आजारी बाईचा हात पुढे आला. हे वाचून मला हसू आले आणि वाईटही वाटले. आजारी बाईचा चेहरा वैद्याने पाहू नये आणि केवळ हातावरून दुखणे ओळखावे, हेही राजवाड्याचेच जीवन. हाच डॉक्टर किल्लाही पाहून आला. गडावर हजार कुटुंबांना सात वर्षे पुरेल एवढी शिधासामग्री असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. त्याच्याही मनात ठसले ते कोठारच.

पुढे शाहू महाराजांच्या काळात गड मराठ्यांकडे आला आणि १८१८ साली इंग्रजांनी घेतला. राबता संपला की घराची जी दशा होते तीच गडाची झाली. छपरे गेली, कोठार ढासळले, वाड्यांची जोती गवतात बुडाली. महाराष्ट्र राज्य व्हायचे ठरले तेव्हा मात्र त्याची आठवण आधी झाली. २७ एप्रिल १९६० रोजी यशवंतराव चव्हाण यांच्या उपस्थितीत नव्या राज्याचा पहिला सोहळा याच गडावर झाला. शिवकुंजात आईपुढे छोटी तलवार फिरवणाऱ्या बालशिवाजीचा आणि जिजाऊंचा पुतळा आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा म्हणून मान्य केले. त्यांतले अकरा महाराष्ट्रातले आणि एक तामिळनाडूतील जिंजी. त्या अकरांत आपला शिवनेरी आहे. आता जगातून माणसे पाहायला येतील. त्यांच्याही मनात कदाचित पुतणीसारखेच येईल, "एवढाच?"

त्यांना उत्तर देणे आपले काम आहे, कारण आपण या डोंगराच्या पायथ्याशी नांदतो. आणि ते देण्यासाठी फार शिक्षण लागत नाही असे आता मला वाटते. मुलांना घेऊन जाल तेव्हा थेट पाळण्याकडे पळत नेऊ नका. दरवाजे मोजायला लावा. अंबरखान्याच्या भिंतीला हात लावू द्या. टाक्यांपाशी थांबून, यात कचरा टाकायचा नाही, हे पाणी दोन हजार वर्षे माणसांनी जपले आहे, असे सांगा. त्या दिवशी टाक्याच्या काठाला रिकाम्या बाटल्या पडलेल्या आम्ही पाहिल्या. आमच्यातल्या चौघीजणींनी त्या गोळा करून खाली आणल्या. त्याचा गवगवा करण्याचे कारण नाही. पण आपले मंडळ दरवर्षी एक दिवस एवढे काम करील, तर वर्धापनदिनाच्या हारतुऱ्यांइतकेच ते शोभून दिसेल.

आणखी एक. गडाच्या पायथ्याशी आयुष्य काढून वर न गेलेल्या आत्याबाई एकट्याच नाहीत. आपल्या गल्लीत, आपल्या घरात अशा सासवा आणि आज्या आहेत. त्यांना पुढच्या खेपेला बरोबर घेऊ या. त्यांना उशीर होईल, दर दरवाजाशी बसावे लागेल. बसू द्या. आपल्याला न दिसणारे त्यांना दिसते.

उतरताना आत्याबाई महादरवाजाच्या पायरीवर टेकल्या. पुतणी त्यांच्याशेजारी बसली होती. तिने विचारले, "आज्जी, तुला आवडला का राजवाडा?" आत्याबाई पदराने घाम पुसत म्हणाल्या, "राजवाडा नाही गं बाई. घर आहे ते. पोटुशी बाई कुठं जाणार, तेव्हा तिला मिळालेलं घर."

पोरीने वळून पुन्हा एकदा वर पाहिले. या खेपेला ती काही बोलली नाही.